अंगठा नको, सही घ्या

माझे मामा गोव्यात फोंड्याला राहतात. सही करायची त्यांची एक पद्धत आहे. खिशातून पुठ्ठ्याचा तुकडा काढतात, त्याच्या मधोमध लांबट खिडकी कापलेली असते. सोबतच्या माणसाने ती खिडकी कागदावरच्या रेघेवर नेऊन ठेवायची. मग मामा डाव्या हाताच्या बोटाने कडा चाचपतात आणि उजव्या हाताने त्या चौकटीत झरकन नाव लिहून मोकळे होतात. अक्षर रेघ सोडून खाली घसरत नाही. माझ्या सहीपेक्षा ती सही केव्हाही बरी.

मध्यंतरी एका बँकेत चेकबुक मागायला आम्ही दोघे गेलो. काउंटरवरच्या बाईंनी आधी तो पुठ्ठा बघितला, मग मामांची पांढरी काठी बघितली, आणि मामांना सोडून माझ्याशी बोलायला लागल्या. "यांचा अंगठा घ्या. आणि चेकबुक कशाला? घरातल्या कुणाचं तरी नाव घालून जॉइंट खातं करा." मामा म्हणाले, "अंगठो कित्याक? म्हाका सही येता."

बाई वाईट नव्हत्या. आपण या माणसाचं भलंच करतोय, असं त्यांना मनापासून वाटत होतं. आणि म्हणूनच मामांनी हुज्जत न घालता शर्टाच्या खिशातून घडी केलेला एक कागद काढला. रिझर्व्ह बँकेचं ४ जून २००८ चं परिपत्रक. अंध व्यक्ती करार करायला कायद्याने सक्षम आहे, तेव्हा चेकबुक, एटीएम, लॉकर, नेट बँकिंग, कर्ज यांतली कुठलीही सोय तिला भेदभाव न करता द्यायची, असं त्यात बँकांना बजावलेलं आहे. मॅनेजर आतून आले, कागद दोनदा वाचला. चेकबुक मिळालं.

परतीच्या बसमध्ये मी मामांना विचारलं, हा कागद आला कुठून? मग जे ऐकलं आणि नंतर स्वतः शोधून वाचलं, ते इथे सांगतो. अंधांच्या हक्कांचा कायदा म्हणजे दिल्लीत एकदा मंजूर झालेलं जाडजूड पुस्तक, अशी माझी समजूत होती. खरं तर तो एक जिना आहे. सगळ्यात वर संविधान, खाली अधिनियम, त्याच्या खाली नियम, मग परिपत्रक, आणि सगळ्यात शेवटच्या पायरीवर काउंटरवरच्या त्या बाई. वरच्या पायरीवर हक्क भक्कम लिहिलेला असतो. खाली येता येता कुठल्या तरी पायरीवर 'करील'चं 'करू शकेल' होतं आणि हक्क तिथेच बसकण मारतो. त्याला उठवून खाली आणायचं काम म्हणजे जनवकिली. कार्यकर्ते ॲडव्होकसीला मराठीत हाच शब्द वापरतात. मोर्चा हा त्या कामाचा फार लहान भाग. बाकीचा वेळ मसुदे वाचण्यात, हरकती लिहिण्यात आणि एकेका क्रियापदासाठी भांडण्यात जातो.

मामांच्या खिशातल्या कागदाचंच बघा. दिव्यांग व्यक्तींच्या मुख्य आयुक्तांनी २००५ साली बँकांच्या बाबतीत एक आदेश दिला होता. रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकाला त्या आदेशाचा आधार आहे. दोन कागदांमध्ये जवळजवळ तीन वर्षं.

कायदा दिल्लीचा, काम पर्वरीचं

गोव्यात या विषयावर बोललं की एक उत्तर हमखास मिळतं: "तो केंद्राचा कायदा, आम्ही काय करणार?" हे उत्तर अर्धवट आहे आणि का ते समजून घेण्यासारखं आहे.

संविधानाच्या सातव्या अनुसूचीत कुठले विषय केंद्राचे आणि कुठले राज्याचे, याच्या याद्या आहेत. अपंग आणि काम करण्यास असमर्थ असलेल्यांना साहाय्य हा विषय राज्य सूचीतला, नववी नोंद. म्हणजे मुळात हे खातं राज्याचंच. मग संसदेने कायदा केला कसा? तर संयुक्त राष्ट्रांमध्ये १३ डिसेंबर २००६ ला अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार झाला, भारताने १ ऑक्टोबर २००७ ला त्याला मान्यता दिली, आणि आंतरराष्ट्रीय करार पाळण्यासाठी राज्याच्या विषयावरही कायदा करायची मुभा संसदेला अनुच्छेद २५३ देतो. त्या वाटेने 'दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६' आला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. जुन्या १९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे ७ प्रकार होते, नव्यात २१ आहेत.

आता गंमत अशी की कायदा दिल्लीत झाला तरी त्याचे राज्यापुरते नियम राज्य सरकारने करायचे, आयुक्त राज्याने नेमायचा, सल्लागार मंडळ राज्याने बसवायचं, जिल्हा समित्या राज्याने करायच्या. पंचायती आणि नगरपालिकाही यातून सुटत नाहीत, कारण अपंगांचं कल्याण हा विषय अकराव्या आणि बाराव्या अनुसूचीत त्यांच्याही कामांत घातलेला आहे. तेव्हा फोंड्याच्या माणसाने दिल्लीला जायची गरज फार क्वचित पडते. पर्वरीला विधानसभा आहे, आमदार चाळीस. कदंबची बस पकडली की झालं.

फुंकणीतून दिसणारं जग

कायद्यातली व्याख्या हा भाग आपण वाचताना टाळतो. अंधांच्या संघटना मात्र सगळ्यात आधी तोच उघडतात, कारण कोण आत आणि कोण बाहेर हे तिथे ठरतं.

मामा जन्मापासून अंध नाहीत. त्यांना रेटिनायटिस पिगमेंटोसा आहे. या आजारात नजर कडेने मिटत येते. पंचविशीत त्यांना समोरच्या माणसाचं नाक नीट दिसायचं, कान दिसायचे नाहीत. चुलीच्या फुंकणीला डोळा लावून बघावं तसं. वर्तमानपत्राचा मथळा वाचता यायचा आणि पायाशी ठेवलेली कळशी लाथेने उडायची. लोकांना वाटायचं, हा सोंग करतो.

कायदा अशा माणसाला काय म्हणतो? फक्त किती बारीक दिसतं एवढंच तो मोजत नाही, किती रुंद दिसतं हेही मोजतो. १९९५ च्या कायद्यात दृष्टीचा पल्ला २० अंश किंवा त्याहून कमी असेल तर माणूस अंध. २०१६ च्या कायद्यात तो आकडा १० अंशांच्या खाली आला, आणि १० ते ४० अंशांमधला माणूस 'अल्पदृष्टी' या रकान्यात गेला. बारीक दिसण्याचंही तसंच. आधी चांगल्या डोळ्याची नजर चष्म्यासकट ६/६० (म्हणजे इतरांना ६० मीटरवरून दिसतं ते याला ६ मीटरवरून) किंवा त्याहून कमी असली की अंध, आता ३/६० च्याही खाली जावी लागते. म्हणजे डोळे तेच, माणूस तोच, पण एका रात्रीत रकाना बदलला. सरकारी नोकरीतली राखीव जागा दोघांना मिळून एकच आहे म्हणून फार आरडाओरडा झाला नाही. पण दाखल्यावरचा एक शब्द बदलला की पुढच्या किती खिडक्यांवर प्रश्न विचारले जातात, ते दाखला घेऊन फिरणाऱ्यालाच ठाऊक.

शब्दावरून एक आठवलं. 'अंध', 'दृष्टिबाधित', 'दिव्यांग' यांतलं काय म्हणावं यावर सभांमध्ये तास तास जातात. मामांचं मत विचारलं तर ते म्हणतात, नावाने हाक मारा.

एक टक्का, पण कशाचा?

मामांनी नोकरी केली ती टेलिफोन ऑपरेटरची. त्या काळात शिकलेल्या अंध माणसाला सरकारी नोकरी म्हणजे बहुधा हीच, नाहीतर खुर्च्यांचं वेत विणायचं काम. यामागे आवड नव्हती, कायद्यातला एक शब्द होता: 'निश्चित केलेली पदं'. म्हणजे हे काम अंध माणूस करू शकेल, असं आधी सरकारने ठरवायचं आणि मग त्या पदांवर आरक्षण.

१९९५ च्या कायद्यात आरक्षण ३ टक्के, त्यातला १ टक्का अंध आणि अल्पदृष्टी व्यक्तींसाठी. आता हा एक टक्का कशावर मोजायचा? समजा एका संवर्गात, म्हणजे सरकारी पदांच्या एका गटात, १,००० जागा भरायच्या आहेत आणि त्यांतल्या १०० पदांवरच अंध व्यक्ती काम करू शकते असं सरकारने ठरवलं आहे. शंभरावर मोजलं तर एक माणूस लागतो. हजारावर मोजलं तर दहा लागतात. कायदा तोच, टक्का तोच. नऊ माणसं मधल्या मध्ये गायब.

नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंड ही अंधांनी स्वतः चालवलेली संघटना या मुद्द्यावर न्यायालयात गेली. सर्वोच्च न्यायालयाने ८ ऑक्टोबर २०१३ ला सांगितलं की मोजणी संवर्गातल्या एकूण रिक्त जागांवर करायची. पुढे २०१६ च्या कायद्यात आरक्षण ४ टक्के झालं, अंध आणि अल्पदृष्टींचा वाटा एक टक्काच राहिला, पण मोजायचं कशावर, याची भाषा बरीच स्वच्छ झाली. जनवकिलीचा सगळ्यात मोठा विजय मला हा वाटतो, आणि वर्तमानपत्रात त्याचा मथळा करायला गेलात तर कुणी वाचणार नाही. 'रिक्त जागांच्या एकूण संख्येवर' यात वाचण्यासारखं काय आहे?

मामांचा स्विचबोर्ड मात्र ते निवृत्त व्हायच्या आधीच अडगळीत गेला. पदाला ज्या यंत्राचा आधार होता ते यंत्रच गेलं, म्हणून पदांची यादी पुन्हा पुन्हा तपासावी लागते. नव्या कायद्यात ती किमान दर तीन वर्षांनी तपासायची असं म्हटलंय.

पिवळी फरशी जिथे संपते

फूटपाथवर खरबरीत पिवळ्या फरशा बसवलेल्या तुम्ही पाहिल्या असतील. बऱ्याच जणांना वाटतं ती शोभा आहे. लांब उभ्या रेघांची फरशी म्हणजे 'चालत राहा', गोल टिकल्यांची फरशी म्हणजे 'थांब, पुढे काहीतरी आहे'. काठीच्या टोकाला आणि चपलेच्या तळव्याला हा फरक कळतो. गोव्यातल्या एका शहरात मी मामांबरोबर अशा पट्टीवरून चाललो. तीसेक पावलं झकास गेली. एकतिसाव्या पावलाला काठी विजेच्या खांबावर आपटली. पट्टी खांबाला वळसा न घालता सरळ त्याच्या बुंध्यात शिरलेली होती आणि पलीकडून पुन्हा सुरू होत होती. खांबाच्या पुढे शहाळ्यांचा गाडा. मामा हसले आणि म्हणाले, ठेकेदाराने नकाशाप्रमाणे चोख काम केलंय.

असं का होतं, याचं उत्तर परत त्या जिन्यावर आहे. २०१६ च्या कायद्याचं कलम ४० केंद्राला सांगतं की सुगमतेची, म्हणजे दिव्यांगांना अडथळ्याविना वापरता येण्याची, मानकं ठरवणारे नियम करा. कलम ४४ सांगतं की ती मानकं पाळली नसतील तर इमारतीचा आराखडा मंजूर करू नका आणि पूर्णत्वाचा दाखलाही देऊ नका. कलम ४५ म्हणतं, असलेल्या सार्वजनिक इमारती नियम आल्यापासून पाच वर्षांत सुगम करा, गरज पडली तर मुदत वाढवून घ्या. सगळीकडे 'करील', 'करणार नाही'. कडक भाषा. मग १५ जून २०१७ ला नियम आले. त्यांतल्या नियम १५ ने काय केलं, तर वेगवेगळ्या खात्यांच्या मार्गदर्शक सूचनांकडे बोट दाखवलं. आणि त्या सूचनांची भाषा कशी? 'असावे', 'शक्यतो', 'शिफारस करण्यात येते'. कायद्याने दिलेला हुकूम नियमात सल्ला होऊन बसला.

राजीव रतुरी हे स्वतः दृष्टिबाधित. रस्ते, वाहतूक, इमारती सुगम व्हाव्यात म्हणून त्यांनी २००५ साली सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. २०१७ च्या डिसेंबरमध्ये न्यायालयाने मुदती घालून दिल्या, कामं तरीही रेंगाळली. शेवटी ८ नोव्हेंबर २०२४ ला न्यायालयाने सांगितलं की नियम १५(१) मूळ कायद्याशीच विसंगत आहे, कारण संसदेला सक्ती हवी होती आणि नियमाने ती ऐच्छिक केली. बंधनकारक मानकं तीन महिन्यांत करा, असा आदेश झाला. याचिका ते हा निकाल, एकोणीस वर्षं. मी जिना म्हणतोय तो याच अर्थाने.

आपल्याकडे गावात बांधकामाचा परवाना पंचायत देते आणि शेवटी भोगवटा दाखला, ज्याला आपण सगळे ऑक्युपन्सीच म्हणतो, तोही पंचायतच देते. कलम ४४ पंचायतीच्या टेबलावर येतं ते असं. पण किती सरपंचांना ते माहीत असेल? रविवारच्या ग्रामसभेत कचरा, पाणी, डोंगर कापणी यांवर आवाज चढतात, ते बरोबरच आहे. त्याच ग्रामसभेत उभं राहून 'नव्या पंचायत घराचा आराखडा कलम ४४ प्रमाणे तपासला का, हे इतिवृत्तात नोंदवा' एवढं एक वाक्य म्हटलं तर सचिवाला ते लिहावं लागतं. लिहिलेलं वाक्य पुढे तक्रारीला जोडता येतं.

प्रश्न विचारायची रीत

आमदाराला भेटून 'अंधांसाठी काहीतरी करा' म्हटलं की तो मनापासून हो म्हणतो, पांढऱ्या काठ्या वाटतो, फोटो निघतो. काठ्या लागतातच, त्यात काही वाईट नाही. पण आमदाराकडे काठ्यांहून मोठं हत्यार आहे आणि ते म्हणजे तारांकित प्रश्न. मंत्र्याला सभागृहात उत्तर द्यावं लागतं आणि त्यावर उपप्रश्न येतात.

'अंधांच्या कल्याणासाठी सरकार काय करत आहे?' असा प्रश्न दिला तर उत्तरात योजनांची यादी येते. दयानंद सामाजिक सुरक्षा योजना, अमुक अनुदान, तमुक शिबिर. संपलं. तोच प्रश्न असा विचारून बघा: (अ) कलम ४५ ची पाच वर्षं संपली त्या १५ जून २०२२ पर्यंत राज्यातल्या किती सार्वजनिक इमारती सुगम झाल्या, तालुकावार यादी द्या, (ब) उरलेल्या इमारतींसाठी चालू अंदाजपत्रकात कुठल्या लेखाशीर्षाखाली किती रक्कम ठेवली, (क) कलम ४४ खाली किती इमारतींचा दाखला अडवला. यातल्या (क)चं उत्तर शून्य आलं, तरी तो शून्य सभागृहाच्या कागदावर येतो. पुढच्या अधिवेशनात कपात सूचना मांडायला किंवा शुक्रवारी खासगी ठराव आणायला आमदाराच्या हातात काहीतरी असतं. असा प्रश्न आमदार स्वतः बसून लिहील ही अपेक्षा नको. तो आपण लिहून, टाइप करून, तारखेसकट नेऊन द्यायचा.

दुसरी जागा म्हणजे हरकती आणि सूचना. नियमांचा मसुदा राजपत्रात येतो, बहुधा तीस दिवस मिळतात. इथे अंध माणसाची एक वेगळीच अडचण होते. मसुदा छापून, शिक्का मारून, परत स्कॅन करून चढवलेला असेल तर ती पीडीएफ म्हणजे निव्वळ चित्र. मामांच्या फोनमधला आवाज ती उघडतो आणि रिकामं पान असल्याचं सांगतो. अंधांसाठीचा मसुदा, तोच अंधांना वाचता येत नाही! संकेतस्थळावरचे दस्तऐवज ईपब किंवा मजकूर ओळखता येईल अशा पीडीएफमध्येच ठेवायचे, हे २०१७ च्या नियमांत लिहिलेलं होतं. म्हणून पहिली हरकत मसुद्याच्या मजकुरावर नोंदवण्याआधी त्याच्या फाइलवर नोंदवायची. मुदतही त्या दिवसापासून मोजा, असं मागायचं.

तिसरी जागा राज्य दिव्यांग आयुक्त. त्यांच्याकडे साध्या कागदावर तक्रार करता येते, वकील लागत नाही. साक्षीदार बोलावणं, कागद मागवणं यासाठी त्यांना दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. मात्र शेवटी ते करतात ती शिफारस. ज्या खात्याला शिफारस केली त्याने तीन महिन्यांत काय केलं ते कळवायचं, आणि मान्य नसेल तर कारणं कळवायची. इथे पुष्कळ लोक निराश होतात: 'नुसती शिफारसच ना?' मला मात्र त्या लेखी कारणांचं मोल फार वाटतं. 'आम्हाला परवडत नाही' असं खात्याने एकदा सहीनिशी लिहून दिलं की उच्च न्यायालयाच्या पायरीवर जायला तोच कागद उपयोगी पडतो.

पणजीत २०२३ च्या जानेवारीत पहिला पर्पल फेस्ट हा दिव्यांगांचा महोत्सव झाला, आयुक्तांच्याच कार्यालयाच्या पुढाकाराने. देशभरातून दिव्यांग माणसं आली, रस्त्यावर एकदम शंभर काठ्या दिसल्या, हॉटेलवाल्यांना आणि टॅक्सीवाल्यांना सवय झाली. हे चांगलं झालं. उत्सवाचे मंडप उतरल्यावर त्याच रस्त्यावर गोव्यातला माणूस एकटा चालतो, त्याची सोय मात्र उत्सवाच्या खर्चात बसत नाही. २०११ च्या जनगणनेत गोव्यात सुमारे ३३ हजार दिव्यांग व्यक्ती मोजल्या गेल्या. देशात पाहण्याचं दिव्यांगत्व असलेल्या ५० लाखांवर. एवढ्या मतदारांना कुठलाच पक्ष जाहीरनाम्यात विसरत नाही, फक्त अंदाजपत्रकात विसरतो.

पुस्तकांची लढाई त्या मानाने लवकर सुटली. कॉपीराइट कायदा २०१२ साली बदलला, ब्रेल किंवा ऑडिओ प्रत काढायला प्रकाशकाच्या परवानगीची वाट बघायची गरज उरली नाही, आणि अंधांसाठीच्या पुस्तकांबद्दलच्या माराकेश कराराला मान्यता देणारा पहिला देश २०१४ साली भारत ठरला.

अलीकडचे दोन निकाल मात्र सांगायलाच हवेत. मध्य प्रदेशात अंध आणि अल्पदृष्टी उमेदवारांना न्यायाधीशपदाची दारंच बंद करणारा एक नियम होता. एका अंध उमेदवाराच्या आईने सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं, न्यायालयाने ते पत्रच याचिका म्हणून घेतलं, आणि ३ मार्च २०२५ ला तो नियम रद्द झाला. मोर्चा नाही, संघटना नाही, एका बाईचं पत्र. दुसरा निकाल ३० एप्रिल २०२५ चा. मोबाइलवर केवायसी, म्हणजे ग्राहकाची ओळख पटवणी, करताना 'डोळ्यांची उघडझाप करा' असं सांगतात ना, ती उघडझाप ॲसिड हल्ल्यात डोळे गेलेल्यांनी कशी करायची? ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या प्रज्ञा प्रसून यांच्या आणि स्वतः अंध असलेले वकील अमर जैन यांच्या याचिकांवर न्यायालयाने म्हटलं की डिजिटल सेवा वापरता येणं हा अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि सरकारला वीस निर्देश दिले. जिवंत माणूस ओळखायला उघडझापेखेरीज दुसरे मार्ग ठेवा, हा त्यांतलाच एक.

आता हे निर्देश जिना उतरायला लागले आहेत. परिपत्रकं निघतील, ॲप बदलतील, काही बदलणार नाहीत.

परवा मामांच्या त्याच शाखेत परत गेलो होतो. आधीच्या बाईंची बदली झालेली, खिडकीत नवा तरुण. त्याने काठीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि शाईचा पॅड पुढे सरकवला. मामांनी आवाजावरूनच ओळखलं काय ते. खिशात हात घालून त्यांनी कागद काढला. घड्या पडून फाटायला आला होता म्हणून बाजारातल्या झेरॉक्सवाल्याकडून त्यांनी तो लॅमिनेट करून घेतलाय.